सफा मशिदीपासून विजापूरच्या जुम्मा मशिदीपर्यंत: पहिल्यांदा मशीद बघायला जाणाऱ्यांसाठी

बेळगावात उभा जन्म काढलेली कितीतरी माणसं किल्ल्यात जातात, दाराशी दुर्गेला आणि गणपतीला हात जोडतात, कमल बस्ती हे जैन मंदिर बघतात, रामकृष्ण आश्रमात घटकाभर टेकतात आणि घरी येतात. सफा मशीद तेवढी राहते. का म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "आपल्याला आत सोडतात व्हय?" बहुतेक वेळा सोडतात, विचारावं मात्र लागतं. खरी अडचण त्याच्या पुढची आहे. आत गेल्यावर नजर कुठे ठेवायची ते कळत नाही. मूर्ती नाही, गाभारा नाही, प्रदक्षिणेची वाट नाही. पाच मिनिटं इकडेतिकडे बघून, घुमटाचा एक फोटो काढून माणूस बाहेर पडतो.

मशीद बघायची रीत अवघड नाही. इमारत कशासाठी उभी केली ते आधी ध्यानात घ्यायचं, नक्षीकडे नंतर वळायचं. बरीच माणसं ओळीत उभी राहून, एकाच दिशेला तोंड करून, एकदम नमाज पढणार, ही मूळ गरज. अंगण एवढं मोठं का, खांब इतक्या अंतरावर का, मधली कमान रुंद का, घुमट नेमका तिथेच का, या सगळ्याची उत्तरं तिथून निघतात. ते डोक्यात ठेवलं की साध्या गल्लीतली मशीदसुद्धा बघण्यासारखी वाटू लागते.

खालचा बेत दोन दिवसांचा आहे. एक सकाळ बेळगावच्या किल्ल्यात, आणि सवडीने एक पूर्ण दिवस विजापुरात. हाच क्रम ठेवा. थेट विजापूरला गेलात तर त्या आकारानेच दिपून जाल आणि काय पाहिलं ते घरी येऊन सांगता येणार नाही.

पहिली पायरी: दिवस आणि वेळ

शुक्रवार टाळा. दुपारची जुम्म्याची नमाज मोठी असते, मशीद भरलेली असते, आणि त्या गर्दीत खांब न्याहाळत फिरणं बरं दिसत नाही. रमजानच्या संध्याकाळी आणि ईदच्या दिवशीही नको. एरवी दिवसाला पाच नमाजा: पहाटे, दुपारी, तिसऱ्या प्रहरी, सूर्य मावळताच आणि रात्री. दिवसाउजेडी पहाटेची आणि दुपारची यांच्यात सगळ्यात लांब मोकळा वेळ मिळतो, म्हणून साधारण नऊ ते साडेअकरा ही वेळ धरा.

सकाळच धरायला आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते तेच मोठं. आपल्या भागातून मक्का पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेली पडते. त्यामुळे नमाजाची भिंत पश्चिमेला आणि दर्शनी कमानी पूर्वेला, असंच तुम्हाला जवळपास सगळीकडे दिसेल. सकाळचं ऊन सरळ कमानींतून आत शिरतं, खांबांच्या रांगांतून पुढे सरकतं आणि कधीकधी पार मिहराबापर्यंत, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीतल्या कोनाड्यापर्यंत पोचतं. दुपारनंतर तीच मशीद मागून उजळते. दर्शनी बाजू सावलीत जाते आणि दगडावरची कोरीव रेघ दिसेनाशी होते. संध्याकाळी जाऊन "काही विशेष नाही" म्हणणारे बहुतेक लोक उन्हाची ही गोष्ट विसरलेले असतात.

ऋतूचं म्हणाल तर बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. जुलै-ऑगस्टात किल्ल्यातल्या फरशांवर शेवाळ धरतं आणि अनवाणी पाय घसरतो. विजापूरला उलट तऱ्हा, तिथे एप्रिल-मे टाळायचे. दोन्हीकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

दुसरी पायरी: अंगावर काय, पिशवीत काय

खांदे आणि गुडघे झाकतील असे सैल कपडे घाला. बायकांनी ओढणी किंवा मोठा स्कार्फ जवळ ठेवावा. पुरुषांनी टोपी घालायलाच हवी असं नाही, कुणी सुचवलं तर रुमाल बांधला की झालं. चपला ठेवायला एक कापडी पिशवी, आणि मोजे. मोजे विसरू नका. अंगणातली फरशी अकरा वाजताच तापते आणि मग अंगण ओलांडून कमानीपर्यंत जायचं तर माणूस उड्या मारत जातो. आत शिरल्यावर छताकडे बघायचं भान राहत नाही.

एक छोटी वही आणि पेन्सिल न्या. दुर्बीण असली तर उत्तम; घुमटाच्या आतली कामं वर लांब असतात. ओळखपत्र मात्र हवंच. किल्ल्याच्या आत लष्कराच्या ताब्यातली जागा आहे. पहारेकऱ्याने हटकलं तर कुठे जायचंय ते सरळ सांगा, नाही म्हटलं तर वाद न घालता मागे फिरा, आणि मशिदीचे फोटो काढताना लष्करी इमारती त्यात येणार नाहीत एवढं बघा. ड्रोन वगैरे मनातही आणू नका.

तिसरी पायरी: दाराशी

सेंट्रल बसस्टँडवरून किल्ला चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कोटे केरे तळ्याच्या बाजूने आलात तर एकशे दहा मीटरचा उंच ध्वजस्तंभ दिसतो, तो खुणेला पुरे.

मशिदीच्या दाराशी थांबा, चपला काढा, आणि आत जो कुणी दिसेल त्याला विचारा. वयस्कर माणूस असेल तर "चाचा", तुमच्या वयाचा असेल तर "भाई". नमाज चालवतात ते इमामसाहेब, बांग देतात ते मुअज्जिन, आणि मशिदीचा कारभार बघणारे मुतवल्ली. झाडलोट करणारा माणूस यातला कुणी नसतो, पण किल्ली बहुधा त्याच्याकडेच असते. भाषेची काळजी नको. बेळगावात मराठी चालते, दक्खनी हिंदी चालते, कन्नड तर चालतेच. "चाचा, मशीद जुनी आहे म्हणून बघायला आलोय. आत येऊ का? फोटो चालेल का?" एवढं पुरे. बाई बरोबर असेल तर तेही तिथेच विचारून घ्या. काही मशिदींत बायकांना मुख्य दालनात सोडत नाहीत, काही ठिकाणी नमाजाची वेळ सोडून कुणाचीच हरकत नसते. सरसकट नियम सांगता येत नाही, म्हणून विचारणं हाच नियम.

आत वागायच्या दोन-तीन गोष्टी. कुणी नमाज पढत असेल तर त्याच्या समोरून जाऊ नका. मागून वळसा घाला. रेहालवर (पुस्तक ठेवायच्या घडीच्या चौकटीवर) किंवा कोनाड्यात ठेवलेल्या कुराणाला हात लावू नका. पश्चिमेच्या भिंतीकडे पाय पसरून बसू नका. हौद असेल तर त्यात पाय सोडू नका. ते वजूचं, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याचं पाणी आहे. काठावर बसून लोट्याने किंवा नळाने बाहेर हातपाय धुतात. तुम्ही वजू करायची गरज नाही. बांग झाली की बाहेर या, अंगणाच्या कडेला बसा. वीसेक मिनिटांत पुन्हा मोकळं होतं. किंबहुना बसाच. ओळी कशा लागतात, माणसं खांबांच्या मध्ये कशी उभी राहतात हे एकदा पाहिलं की इमारतीचा नकाशा आपोआप उलगडतो.

चौथी पायरी: आधी कमल बस्ती

हो, मशीद बघायला निघालोय, आणि मी तुम्हाला जैन बस्तीत पाठवतोय. कारण आहे.

कमल बस्ती १२०४ सालची. रट्ट राजा कार्तवीर्य चौथा याचा मंत्री बिचिराज याने ती बांधली. आत नेमिनाथ आहेत. सगळे जण मान वर करून छतातलं बहात्तर पाकळ्यांचं कमळ बघतात. तुम्हीही बघा, पण मग मान खाली आणा आणि एका खांबापाशी थांबा. बूड चौकोनी. त्याच्यावर गोल घडणीचा भाग, कातावर फिरवून काढावा तशा एकावर एक कडा, काही रुंद काही अगदी सुरीच्या पात्याएवढ्या बारीक. मग वर चकती, तिच्यावर चहूकडे बाहेर आलेले हात, आणि त्या हातांवर आडव्या तुळया. बोट न लावता, तिरप्या उजेडात, या कडा मोजत वर जा. दगडाला दिलेली झिलई अजून शाबूत आहे.

इथे ध्यानात ठेवायचं ते एवढंच: छताचा भार आडव्या तुळईवर, तुळईचा खांबावर. कमान कुठेही नाही. तुळई जेवढी लांब पेलते तेवढंच दोन खांबांतलं अंतर. म्हणून खांब जवळजवळ आणि आत काळोख. वहीत एका खांबाचं चित्र काढा. वाईट आलं तरी चालेल, हात फिरला की डोळा नीट बघतो.

पाचवी पायरी: सफा मशीद

आता मशिदीत या. दारावरचा फारसी शिलालेख सांगतो की ही मशीद असदखानाने बांधली, साल १५१९. असदखान लारी हा विजापूरच्या आदिलशाहीतला बडा सरदार. इराणातल्या लारहून आलेल्या घराण्यातला, बेळगावची जहागीर त्याच्याकडे, आणि १५४९ मध्ये मरेपर्यंत इथला कारभार त्याच्याच हातात. कॅम्पातला त्याचा दर्गा बेळगावकरांच्या ओळखीचा आहे. तिथे जाणाऱ्या कितीकांना हा माणूस मशीद बांधणारा तोच, हे ठाऊक नसतं. मशीद बांधली तेव्हा गादीवर इस्माईल आदिलशहा होता. शिवजन्माला अजून शंभरावर वर्षं होती.

लगेच आत घुसू नका. दारातून दहा पावलं मागे या आणि दर्शनी भाग डावीकडून उजवीकडे नीट बघा. किती कमानी, मधली कमान बाकीच्यांपेक्षा रुंद किंवा उंच आहे का, माथ्यावर कंगोरे कसे आहेत, छज्जा किती पुढे आला आहे आणि तो खाली कशावर तोललाय. कमानीचा आकार हाताने हवेत काढून बघा: दोन्ही बाजूंनी वर चढत जाऊन टोकाशी मिळणारी ही टोकदार कमान दख्खनमध्ये बहमनी काळापासून चालत आली. बेळगाव बहमनींकडे आलं ते महमूद गावानने १४७२-७३ च्या सुमारास जिंकल्यावर. तेव्हा ही घडण इथे नवीन होती. इथल्या पाथरवटांचे हात तुळई-खांबाला सरावलेले. कमान, घुमट आणि चुन्याचं गचकाम हे सगळं दुसऱ्या परंपरेतून आलेलं. सफा मशिदीत दोन्ही एकत्र दिसतात, आणि तेच बघायला आपण आलोय.

आत शिरा. आता खांब बघा.

बस्तीत काढलेलं चित्र वहीतून उघडा आणि शेजारी धरा. इथले खांब जुन्या देवळांमधले असल्याचं मानतात, आणि त्यासाठी नुसत्या घडणीवर विसंबायची गरज नाही, कारण खांबांवर लेख आहेत. दोन खांबांवरचे लेख सुबक नागरी लिपीत आहेत. एक ११९९ सालचा, रट्ट राजा कार्तवीर्य चौथा याच्या काळातला. म्हणजे ज्याच्या राज्यात पाच वर्षांनी कमल बस्ती झाली, तोच. दुसरा १२६१ चा, देवगिरीच्या यादवांपैकी कृष्ण राजाच्या काळातला. चाचांना विचारा, ते जागा दाखवतील. नागरी वाचणाऱ्याला यातली काही अक्षरं ओळखीची वाटतात. सगळा लेख लागणार नाही, पण एखादं "श्री" सापडलं तरी माणूस तिथेच रेंगाळतो. बोट फिरवू नका, खडू किंवा पाणी लावून अक्षरं उठवायचा उद्योग तर मुळीच नको. मोबाईलची बॅटरी बाजूने तिरपी धरा, अक्षर आपोआप उठून दिसतं. त्यालाही आधी परवानगी विचारा.

या खांबांवरून वाद घालायला उत्सुक असलेली मंडळी दोन्हीकडे आहेत. मशिदीच्या अंगणात उभं राहून तो वाद घालू नये असं माझं स्वच्छ मत आहे. तिथे रोज नमाज पढणारी माणसं तुमची पाहुणचाराने ऊठबस करतायत, एवढं तरी जाणावं. खांब आधी दुसरीकडे होते हे दगडच सांगतोय, ते लपवण्यासारखं नाही. पण त्यापुढे बघायला आणखी काही आहे. तीनशेवीस वर्षांचा खांब नव्या इमारतीत बसवताना गवंड्याने काय केलं? उंची कमी पडली तर खाली बैठक वाढवली का? जुन्या हातांवर तुळई ठेवली की सरळ कमान टेकवली? एका रांगेतले दोन खांब एकसारखे आहेत का वेगवेगळ्या देवळांतले? सांधा जिथे बसतो तिथे चुना किती? हे प्रश्न घेऊन एका रांगेच्या कडेने सावकाश चाला. तासभर कसा गेला कळणार नाही.

मग पश्चिमेची भिंत. मधोमध आत गेलेला कमानीचा कोनाडा म्हणजे मिहराब. मक्केची दिशा तो दाखवतो आणि इमाम त्याच्यासमोर उभे राहतात. पूजेची वस्तू त्यात काही नसते, म्हणून रिकामा कोनाडा बघून गोंधळू नका. त्याच्या उजव्या अंगाला पायऱ्यांचं मिंबर, तिथून जुम्म्याचा खुतबा, म्हणजे प्रवचन देतात. आता मिहराबाकडे पाठ करून उभे राहा आणि अंगणाकडे बघा. इमामांना जे दिसतं ते तुम्हाला दिसेल. सगळ्या रांगा, सगळे खांब, सगळ्या कमानी इथूनच मोजून लावलेल्या आहेत.

शेवटी वर बघा. सपाट छत कुठे, घुमट कुठे, आणि चौकोनी खोलीवर गोल घुमट कसा बसवला. चौकोनाचे चारही कोपरे कुठल्यातरी युक्तीने भरावे लागतात. इथे ती युक्ती काय आहे ते वहीत रेखाटून ठेवा. विजापूरला तिची गरज लागेल.

सहावी पायरी: जामिया मशीद

किल्ल्यातली दुसरी मोठी मशीद ही शेरखानाने १५८५-८६ मध्ये बांधलेली. इथे अर्धा तास पुरतो, पण सफा बघितल्याच दिवशी बघा. दोन्हींत सहासष्ट-सदुसष्ट वर्षांचं अंतर आहे. त्या काळात विजापूरची राजवट वाढली, पैसा वाढला, गवंड्यांचा हात बसला. तेच प्रश्न इथे विचारा: भार तुळईवर की कमानीवर? घुमटाच्या बुडाशी कमळाच्या पाकळ्यांची रांग आहे का? घुमट पाकळ्यांमधून उमलून आल्यासारखा दाखवणं ही आदिलशाही इमारतींची खूण. एकदा ओळखता आली की हुक्केरीचे घुमट असोत की मिरजेच्या वाटेवरचा एखादा पडका मकबरा, लांबूनच अंदाज येतो.

किल्ल्यातून बाहेर पडल्यावर कुंदा खायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी खातो.

सातवी पायरी: विजापूर

बेळगावाहून जमखंडीमार्गे विजापूर दोनशे किलोमीटरच्या आसपास. सरकारी बसने पाच तास तरी धरा. पहाटे निघालात तरी सकाळचं कोवळं ऊन हुकतं, म्हणून जमलं तर आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करा. स्टँडवर उतरल्याबरोबर रिक्षावाले गोल घुमटाला नेऊ बघतात. त्यांना सांगा, "आधी जुम्मा मशीद."

अली आदिलशहा पहिला याने हिचं काम सुरू केलं. त्याची कारकीर्द १५५८ ते १५८०. मध्ये १५६५ ची राक्षसतागडीची लढाई झाली, विजयनगर मोडलं आणि विजापूरच्या तिजोरीत अफाट पैसा आला. मशिदीचा आवाका बघताना हे आठवतंच. पण पैसा नक्षीत घातलेला नाही. दर्शनी बाजूला एका ओळीत मोठ्या कमानी, जवळपास कोऱ्या. फक्त मधल्या कमानीला आतून पाकळ्यांसारखी महिरप. एवढ्या फरकाने मधला दरवाजा कोणता ते लांबून कळतं. मला ही मशीद आवडते ती या आवरलेपणासाठी. गोल घुमट थक्क करतो. इथे मात्र तासभर बसवतं.

अंगणाच्या मध्ये हौद, उत्तरेला आणि दक्षिणेला ओवऱ्या. पूर्वेचं भव्य दार मात्र मूळ कामातलं नाही, औरंगजेबाच्या काळात वाढवलेलं आहे. त्याने १६८६ मध्ये विजापूर घेतलं.

आत शिरा आणि सफा मशिदीशी ताडून बघा. तिथले खांब घडीव, एकेका दगडातले, देवळाच्या जातीचे. इथे खांब म्हणून जे उभं आहे ते जाडजूड चौकोनी बांधीव स्तंभ आहेत, चुन्याने लिंपलेले. तुळई नाहीच, चारी बाजूंनी कमानी निघतात आणि प्रत्येक चौकटीवर उथळ घुमटी. छतावरून त्या घुमट्या दिसत नाहीत, छत सपाट. खांबांच्या रांगेत एका जागी उभे राहून तिरपं बघा, कमानीतून कमान, तिच्यातून पुढची कमान. मग एक पाऊल बाजूला सरका, सगळी रांग बदलते.

फरशीकडे बघा. जमिनीवर मिहराबाच्या आकाराच्या चौकटी ओळीने आखलेल्या आहेत, प्रत्येक चौकट एका माणसाच्या नमाजाची जागा. अशा २,२५० आहेत. याही औरंगजेबाच्या काळातल्या मानतात. लेखाच्या सुरुवातीला म्हटलेली ती मूळ गरज इथे चक्क जमिनीवर काढून ठेवलेली आहे. कुणी बघत नसताना एका चौकटीत उभे राहून बघा, खांदे कुठपर्यंत येतात ते.

आता मधोमध या. इथे मधले खांब गाळून मोठी मोकळी जागा केली आहे आणि वर मुख्य घुमट. मान वर करा. वहीतलं सफाचं चित्र काढा. चौकोनावर गोल बसवायची विजापूरची युक्ती अशी: खालच्या खांबांवरून मोठ्या कमानी उठतात, पण त्या समोरासमोर न जाता एकमेकींना छेदतात. रांगोळीत एका चौकोनावर दुसरा चौकोन तिरका टाकून आठ टोकांची चांदणी काढतो ना, तीच चांदणी इथे हवेत उभी आहे. छेदणाऱ्या कमानींनी मधे जो अठकोनी कठडा तयार होतो, त्यावर घुमटाचं वर्तुळ टेकतं. शिवाय कमानी आतल्या बाजूला झुकत येत असल्यामुळे त्यांचं वजन आत ओढतं, घुमटाचा रेटा बाहेर ढकलतो, आणि दोघांची बरोबरी होते. म्हणून बाहेरून टेकू द्यायला प्रचंड भिंती लागत नाहीत. हीच युक्ती पुढे महंमद आदिलशहाच्या गोल घुमटात केवढ्या मोठ्या मापावर वापरली ते दुपारी तिथे जाऊन बघाल. सकाळी इथे ती समजून घेतली असेल तर तिथे नुसता आवाज घुमवून परत येणार नाही.

राहिला मिहराब. सगळी मशीद साधी ठेवून रंग इथे ओतला आहे. मिहराबाचं हे काम १६३६ सालचं, महंमद आदिलशहाच्या काळातलं. सोनेरी मुलामा, फारसी अक्षरं, आणि भिंतीवर रंगवलेले खोटे कोनाडे. त्या कोनाड्यांत पुस्तकं ठेवलेली दिसतात, फुलदाण्या दिसतात, धुपाटणं दिसतं. सगळं चित्र. लांबून खरंच कोनाडे वाटतात, जवळ गेलं की भिंत सपाट. पुढे पडदा असेल तर स्वतः ओढू नका. तिथल्या माणसाला विनंती करा. फ्लॅश नको, रंगाला तो सोसत नाही.

दुपारी गोल घुमट करा, आणि तिसऱ्या प्रहरी इब्राहिम रोजा. इब्राहिम आदिलशहा दुसरा (कारकीर्द १५८० ते १६२७) याची कबर तिथे आहे. एकाच मोठ्या चौथऱ्यावर समोरासमोर दोन देखण्या इमारती, मध्ये हौद. कोणती मशीद आणि कोणता मकबरा, हे फलक न वाचता सांगा बघू. मशीद पश्चिमेची, कारण तिला मक्केकडे तोंड करायचंय आणि तिची दर्शनी बाजू पूर्वेला, मकबऱ्याकडे उघडते. मशिदीला चारही बाजूंनी फेरी घालता येईल असा व्हरांडा नाही, मकबऱ्याला आहे. छज्ज्याखाली दगडात कोरलेल्या साखळ्या शोधा. संध्याकाळचं ऊन पश्चिमेकडून मकबऱ्यावर पडतं, तेव्हा फोटो त्याचा घ्या. मशिदीचा हवा असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत यावं लागेल.

वाटेत वेळ उरला तर मेहतर महाल रस्त्यावरच आहे. नाव महाल, पण ते एका मशिदीचं प्रवेशद्वार. वरच्या सज्ज्याखालचे दगडी हात लाकूडकामासारखे कोरलेले आहेत. रिक्षा पाच मिनिटं थांबवा आणि खालून वर बघा. परतीची शेवटची बस किती वाजता सुटते ते मात्र सकाळी उतरल्याउतरल्याच स्टँडवर विचारून ठेवा, आणि फलक कन्नडमध्ये असतात म्हणून "बेळगावी" ही अक्षरं कशी दिसतात ते एकदा मोबाईलवर बघून घ्या.